अक्षरांचा तक्ता की बोलणारा टॅब? आमच्या आईच्या निमित्ताने

बोलणं बंद झालेल्या माणसासाठी तक्ता करावा की टॅब घ्यावा, हे गेल्या महिन्यात दोघांनी विचारलं म्हणून एकदाच लिहून टाकतो. आमच्या आईला मोटर न्यूरॉनचा आजार आहे, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या नसा हळूहळू निकामी होतात, तिच्या बाबतीत तो जिभेपासून आणि गिळण्यापासून सुरू झाला, त्यामुळे वाचा गेली, हात बऱ्यापैकी चालतात आणि डोकं तर आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त चालतं. शाळेत मराठी शिकवायची, हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

आधी चित्रांची अ‍ॅप्स पाहिली, म्हणजे चित्रावर बोट ठेवलं की टॅब तो शब्द बोलतो. आयआयटी मुंबईतून आलेलं जेलो आहे, ते फुकट आहे, चेन्नईचं 'आवाज' नावाचं अ‍ॅप आहे, लहान मुलांसाठी किंवा ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ही दोन्ही जरूर बघा. पण आईने वहीत लिहिलं, "आता मला अंगणवाडीत बसवतोस का?" विषय संपला. वहीत लिहायलाही पुढे जमेना, पेन धरवत नव्हतं, बोट मात्र ठेवता येत होतं. मग उरलं अक्षर-अक्षर दाखवणं, कागदाच्या तक्त्यावर नाहीतर टॅबच्या काचेवर.

तक्त्याबद्दल आधी चांगलं बोलतो कारण त्याला लोक उगाच हिणवतात. झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या कागदावर प्रिंट काढून लॅमिनेट केला, झालं. चार्जिंग नाही, पडला तर फुटत नाही, आणि या आजारात लाळ गळते ती टॅबच्या काचेवर पडली की भलतीच बटणं दाबली जातात, तक्ता नुसता पुसायचा. रात्री अडीचला टॉर्च मारून वाचता येतो. आणि आपली वर्णमाला तर याच कामासाठी केली की काय असं वाटावं, क-च-ट-त-प अशा पाच-पाच अक्षरांच्या ओळी आयत्या तयार. उद्या बोट उचललं नाही तरी आपण "क ची ओळ? च ची ओळ?" विचारत जायचं, तिने डोळे मिटले की त्या ओळीतलं एकेक अक्षर म्हणायचं. हाच आजार असलेले शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंगसुद्धा १९८५ साली गळ्याला भोक पाडायच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेल्यावर सुरुवातीला असंच करायचे, समोरचा कार्डावरचं अक्षर दाखवणार आणि बरोबर आलं की हे भुवई उचलणार. मात्रांची वेगळी ओळ करा एवढं मात्र बघा. आणि घरच्यांना सांगा की ऱ्हस्व-दीर्घ सोडून दिलं तरी चालतं. आमच्याकडे चालत नाही, आमच्याकडे चुकीची वेलांटी लागली की बोट मागे जातं आणि दुरुस्ती होते, पाहुणे ताटकळले तरी.

आता मला ज्याचा वैताग आला ते.

तक्त्यावर आईने 'पा' दाखवलं की घरातले चार जण एकदम ओरडतात, पाणी? पाय? पांघरूण? सगळे प्रेमानेच करतात, कुणाला दोष देत नाही, मीही त्यातलाच. एकदा मामा आलेला, आईने 'पा' दाखवलं आणि हा उठून पाण्याचा ग्लास घेऊन तोंडाशी. तिला साधं पाणी चालत नाही, ठसका लागतो, घट्ट करून द्यावं लागतं, बायको धावली म्हणून वाचलो. आईला म्हणायचं होतं पावती. लाइटबिलाची पावती कुठे ठेवलीस, एवढंच. नंतर तिने तक्ता बाजूला सारला आणि सांगितलं नाही, ते आम्हाला संध्याकाळी कळलं. त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागलो तर दिसलं की तक्त्यावर तिचं सगळ्यात जास्त वेळा बोललं जाणारं वाक्य 'जाऊ दे' आहे. 'जा' दाखवलं की आम्हाला कळायचं, इतकं ते पाठ झालेलं.

टॅबवर हे थांबलं असं म्हणणार नाही, पण बरंच कमी झालं, तेही आपोआप नाही. पहिल्या आठवड्यात सगळे तिच्या खांद्यावरून स्क्रीनमध्ये डोकावून तिथेही अंदाज सांगायला लागले, म्हणजे तक्त्याचीच सवय. मग टॅबचा स्टँड असा फिरवला की स्क्रीन फक्त तिला दिसेल, आणि प्रत्येक शब्द बोलायचं सेटिंग बंद केलं, वाक्य पूर्ण झालं की तीच बटण दाबणार आणि मग एकदम ऐकू येणार. वर डाव्या कोपऱ्यात एक तयार बटण आहे, "थांब, माझं बोलणं संपलेलं नाही." हे बटण कागदावर करता येतं हो, पण कागदाकडे कुणी बघतच नसेल तर काय उपयोग, टॅब ओरडतो.

तोटे आहेतच. मराठी आवाज सपाट आहे, आई चिडली तरी रेल्वे स्टेशनवर गाडी उशिरा असल्याचं सांगतायत असं वाटतं. वेगाची अपेक्षा तर ठेवूच नका, हॉकिंगचा वेग चांगल्या दिवसांत मिनिटाला पंधरा शब्दांच्या आसपास होता, आपण गप्पा मारताना शंभर-दीडशे सहज बोलतो. आईचा वेग मी मोजलेला नाही, पण चहा निवतो.

ज्यांचा आवाज अजून थोडा शिल्लक आहे त्यांनी आजच एक करा. रोजची वाक्यं त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवा, याला मेसेज बँकिंग म्हणतात. आम्ही उशिरा जागे झालो, तरी "अगं बाई!", "जेवलास का?" आणि माझ्या बहिणीला मारायची ती हाक, एवढं मिळालं. आवाज जडच आहे पण तिचा आहे. ही तीन बटणं टॅबवर आहेत आणि खरं सांगायचं तर माझं पारडं तिथेच झुकलं असेल, पावतीचा किस्सा मी लोकांना सांगायला वापरतो.

तुमच्या पेशंटचं बोट चालत नसेल, किंवा घरात एकच माणूस सतत जवळ असेल आणि तो शांत असेल, तर कदाचित तक्ताच बरा पडेल, आधी स्पीच थेरपिस्टला विचारा. काही जणांना अंदाज केलेला आवडतोही, वेळ वाचतो म्हणून, तेव्हा त्यांनाच विचारून घ्या. आमचा तक्ता आता बाथरूममध्ये खिळ्याला टांगलेला असतो, आणि टॅब चार्जिंगला लावला की बाहेर येतो. मामा आला की मात्र टॅब आधीच चार्ज करून ठेवतो.