ग्रेहाऊंडची आकडी आणि नाजूक पोट: फेनोबार्बिटोन द्यावं की लेव्हेटिरासेटाम?

बेळगाव, निपाणी, चिकोडी, अथणी आणि पलीकडे मुधोळपर्यंतच्या पट्ट्यात लांब पायांची, खपाटी पोटाची कुत्री पाळायची हौस जुनी. कुणाकडे शुद्ध ग्रेहाऊंड, कुणाकडे मुधोळ, बऱ्याच जणांकडे दोन्हींची सरमिसळ. पोट आधीच नाजूक, थोडं काही वेगळं खाल्लं की पातळ शी, आणि त्यात आकडी यायला लागली की मालक कोंडीत सापडतो. सहा महिन्यांत दोन आकड्या आल्या किंवा एकाच दिवसात दोन आल्या की डॉक्टर रोजची गोळी सुरू करायला सांगतात आणि बहुधा दोन नावं समोर ठेवतात. त्यातलं एक निवडायचंय अशांसाठी हे लिहितोय. माझ्या घरी आधी लेव्हेटिरासेटाम होतं, आता फेनोबार्बिटोन आहे. दोन्ही औषधं चांगली आहेत, पण पोट नाजूक असलं की पारडं एका बाजूला झुकतं असं माझं मत आहे.

आधी लेव्हेटिरासेटामच्या बाजूचं, कारण कागदावर तेच सरस दिसतं. पहिल्या दिवसापासून काम करतं. यकृतावर भार जवळजवळ नाही. सुस्ती कमी, भूक भडकत नाही, रक्तातली पातळी तपासत बसावं लागत नाही. माणसांच्या मेंदूविकारासाठी ते सर्रास वापरतात, त्यामुळे बेळगावात मोठ्या दवाखान्यांजवळच्या मेडिकलमध्ये सहज मिळतं. नेहमीचा डोस किलोमागे २० मिलिग्रॅम, दर आठ तासांनी. २८ किलोच्या कुत्र्याला हिशेबाने ५६० येतात, म्हणजे ५०० ची एक गोळी, किंवा डॉक्टरांना थोडं जास्त हवं असेल तर सोबत २५० ची अर्धी. पातळ औषध घेणार असाल तर बाटलीवरचे घटक वाचा. साखर नसलेल्या सिरपमध्ये कधी कधी झायलिटॉल असतं आणि ते कुत्र्याला विषारी आहे.

फेनोबार्बिटोनचा सुरुवातीचा डोस किलोमागे अडीच ते तीन मिलिग्रॅम, दर बारा तासांनी. त्याच २८ किलोच्या कुत्र्याला ६० ची एक आणि ३० ची अर्धी, म्हणजे ७५ मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ. रक्तातली पातळी स्थिरावायला दोन आठवडे लागतात, तोवर एखादी आकडी आली म्हणून औषध लागू पडत नाही असं समजू नका. पहिले दहा-पंधरा दिवस कुत्रा झोपाळतो, मागचे पाय लडखडतात. ग्रेहाऊंडचे लांब पाय गुळगुळीत फरशीवर फाकले तर मांडीचा स्नायू दुखावतो, म्हणून तेवढे दिवस त्याच्या वाटेवर गोणपाट किंवा जाड सतरंजी घाला.

माझा निर्णय ठरवणारी गोष्ट वरच्या हिशेबात कुठे दिसत नाही. ती म्हणजे दुपारी दोनची गोळी.

आठ तासांचं गणित म्हणजे सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. सहा आणि दहा जमून जातं. दोनला घरात कोण असतं? शेतावरची माणसं शेतावर, नोकरीवरची नोकरीवर, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातून तीस किलोच्या कुत्र्याच्या घशात गोळी उतरत नाही. शिवाय ही गोळी वरचं आवरण आहे तोवर ठीक, अर्धी मोडली की कडूजहर. कुत्रा ती गालात धरून ठेवतो, लाळ गाळतो आणि तुमची पाठ वळली की खाटेखाली टाकतो. उकडलेल्या रताळ्याचे तीन गोळे करायचे, पहिला रिकामा, दुसऱ्यात गोळी, आणि दुसरा तोंडात असतानाच तिसरा नाकासमोर धरायचा. तिसऱ्याच्या आशेने दुसरा गिळला जातो. ही युक्ती चालते, पण ती करणारा माणूस रोज दोन वाजता घरी लागतो.

अडचण नुसती वेळेची असती तर कसंही निभावलं असतं. लेव्हेटिरासेटाम कुत्र्याच्या रक्तात तीन-चार तासांत निम्मं होतं. एक डोस चुकला की पुढच्या डोसपर्यंत रक्तात फारसं काही उरत नाही. आता यात नाजूक पोट घाला. सहाची गोळी घेतली, वीस मिनिटांत पिवळी उलटी झाली. गोळी त्यात पडली की पोटात विरघळली होती, पुन्हा द्यायची की थांबायचं? असे प्रसंग महिन्यातून दोनदा आले की औषध चालू असूनही आकडी येते. फेनोबार्बिटोन सुरुवातीला दीड ते तीन दिवसांत निम्मं होतं. पुढे यकृत सरावतं आणि ते जरा लवकर निचरतं, तरीही एखादी उलटी किंवा दोन दिवसांचे जुलाब ते पचवून नेतं. पोट बेभरवशाचं असेल तर रक्तात टिकून राहणारं औषध हवं, हा माझा मुख्य मुद्दा.

यावर कुणी म्हणेल, लेव्हेटिरासेटामची बारा तास चालणारी गोळी मिळते की. मिळते, किलोमागे ३० मिलिग्रॅमप्रमाणे दिवसातून दोनदा. पण ती अख्खीच गिळायला हवी, मोडली किंवा चावली तर सगळं औषध एकदम सुटतं. आणि जुलाब चालू असले की अशी सावकाश विरघळणारी गोळी पूर्ण शोषली जाण्याआधीच पुढे सरकते. शीमध्ये गोळीचं कवच दिसू शकतं. कधी ते नुसतं रिकामं कवच असतं, कधी आत औषध शिल्लक असतं, आणि बाहेरून पाहून त्यातला फरक कळत नाही. पोट घट्ट असलेल्या कुत्र्याला हा मार्ग उत्तम.

फेनोबार्बिटोनचे दोष लपवण्यात अर्थ नाही. पहिला आणि रोजचा दोष भूक. ग्रेहाऊंडचं तोंड स्वयंपाकाच्या ओट्याच्या उंचीवर येतं, त्यामुळे भूक भडकली की ओट्यावरचं काहीही सुरक्षित नसतं. आपल्या भागात यातून खरे धोके निर्माण होतात. अथणीकडच्या घरांत बेदाण्याची पोती असतात आणि द्राक्षं-बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. कुंद्याचा डबा हाती लागला तर खव्याच्या तुपाने जुलाब तर होतातच, स्वादुपिंडालाही सूज येऊ शकते. निपाणीच्या बाजूला तंबाखू. ती खाल्ली तर लाळ, उलट्या, थरथर आणि शेवटी झटके, म्हणजे जी आकडी थांबवायला गोळी सुरू केली तीच पुन्हा समोर. झाकणाचे डबे आणि स्वयंपाकघराला कडी, एवढं गोळी सुरू करायच्या आधी करा. खाणं दोनाऐवजी तीन-चार वेळा वाटून द्या, एकूण माप तेवढंच ठेवा. लाल भोपळा किंवा दुधी उकडून घातला की पोट भरल्यासारखं वाटतं आणि वजन वाढत नाही. जेवणानंतर तासभर पळवू नका. या खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो.

दुसरा दोष यकृताचा, आणि इथे ग्रेहाऊंडच्या बाबतीत एक जास्तीची काळजी लागते. या जातीचं रक्त इतर कुत्र्यांसारखं नसतं. तांबड्या पेशींचं प्रमाण मुळात जास्त, ५० ते ६५ टक्के, प्लेटलेट कमी, क्रिएटिनिन थोडं वर, थायरॉइडचा टी-फोर निम्म्यावर. फेनोबार्बिटोनने टी-फोर आणखी खाली जातो, अल्कलाइन फॉस्फेटेज हे यकृताच्या तपासणीतलं एन्झाइम वर जातं. ग्रेहाऊंड हाताळायची सवय नसलेल्याने असा रिपोर्ट पाहिला तर थायरॉइडची गोळी सुरू होते, ‘यकृत गेलं’ असंही सांगितलं जातं, आणि दोन्ही चुकीचं असू शकतं. म्हणून पहिली गोळी देण्याआधी संपूर्ण रक्ततपासणी करून तो कागद जपून ठेवा, पुढचे सगळे रिपोर्ट त्याच्याशी ताडायचे. क्वचित हे औषध पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट पाडतं, बहुधा पहिल्या सहा महिन्यांत. सुरुवातीचा आकडा नसेल तर ते ओळखता येत नाही.

रक्तातली औषधाची पातळी दोन आठवड्यांनी, मग तीन महिन्यांनी, पुढे दर सहा महिन्यांनी. मिलिलिटरमागे १५ ते ४० मायक्रोग्रॅम ही मान्य मर्यादा, २५ ते ३० च्या आसपास बहुतेकांचं जमतं. माणसांच्या लॅबमध्येही ही तपासणी होते, फक्त रक्त जेल नसलेल्या साध्या नळीत घ्यायला सांगा, जेलच्या नळीत आकडा खोटा कमी येतो. गोळीसाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते आणि माल नेहमी असतोच असं नाही. पंधरा दिवसांचा साठा उरला की पुढची पाकिटं आणा. पावसाळ्यात खानापूरकडचे रस्ते बंद पडतात हे धरून चाला. हे औषध एकदम बंद केलं तर आकड्यांची माळ लागते आणि ती थांबवणं फार कठीण.

पोटॅशियम ब्रोमाइड हा तिसरा पर्याय मी नाजूक पोटाला सुचवणार नाही. उलट्या होतात, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि खाण्यातलं मीठ वाढलं की औषध लघवीवाटे निघून जातं. घरातल्या आमटीत बुडवलेली भाकरी कधी मिळते, कधी नाही, अशा ठिकाणी त्याची पातळी टिकत नाही.

कोणतीही गोळी निवडा, पोटासाठी दिली जाणारी औषधं मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. जुलाबावर मेट्रोनिडाझोल सहज दिलं जातं. डोस जास्त झाला किंवा बरेच दिवस चालला तर त्यानेच तोल जातो, बुबुळं थरथरतात, मान वाकडी होते, झटकेही येतात, आणि मालकाला वाटतं आकडी वाढली. उलटीवर मेटोक्लोप्रामाइड आकडीच्या कुत्र्याला शक्यतो टाळायचं, ऑन्डॅनसेट्रॉन किंवा मॅरोपिटंट आहे का ते विचारा. गोचिडांच्या चघळायच्या गोळ्यांतला फ्लुरालॅनर, अफॉक्सोलॅनरचा वर्ग झटके आणू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला होता. गोचीड तापही मेंदूवर जाऊ शकतो, म्हणून गोचीड मोकळे सोडायचे नाहीत, उपाय दुसरा निवडायचा. इसबगोल मोठ्या आतड्याच्या जुलाबाला चांगलं, एक ते दोन चमचे भिजवून. पण गोळीपासून दोन तास लांब, नाहीतर औषध त्यात अडकतं.

जुलाब वारंवार होत असतील तर खाण्याला दोष देण्याआधी शी तपासून घ्या. अंकुशकृमी आणि जिआर्डिया या कुत्र्यांत नेहमी सापडतात. फेनबेंडाझोल किलोमागे ५० मिलिग्रॅम, सलग तीन दिवस, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी. जुलाबाच्या दिवसांत कातडी काढलेलं उकडलेलं चिकन एक वाटी आणि मऊ भात दोन वाट्या, मीठ-हळद-फोडणी काही नाही, तीन ते पाच दिवस. मग आठवडाभरात हळूहळू नेहमीच्या खाण्यावर. हाच आहार महिनोन्‌महिने चालवला तर कॅल्शियम कमी पडतं.

पुढच्या चार बाबतींत मात्र मी लेव्हेटिरासेटामच घेईन. यकृत आधीच बिघडलेलं असेल, आकड्या आत्ता रोज येत असतील आणि दोन आठवडे थांबणं शक्य नसेल, घरात दुपारी हमखास कुणीतरी असेल, किंवा फेनोबार्बिटोनने रक्तपेशी पडल्या असतील. दोन्ही एकत्र चालत असतील तर लक्षात ठेवा, फेनोबार्बिटोनमुळे लेव्हेटिरासेटाम शरीरातून लवकर निघून जातं, डोस वाढवून घ्यावा लागतो.

आकडी आली की कांदा, चप्पल हुंगवू नका, तोंडात हात तर मुळीच घालू नका. मोबाइलवर वेळ लावा, चित्रीकरण करा, डोक्याजवळचं सामान हलवा. पाच मिनिटांच्या वर गेली तर गुदद्वारातून द्यायचं डायझेपाम किंवा नाकात मारायचं मिडाझोलाम, डॉक्टरांनी आधीच मोजून दिलेलं, लगेच द्या आणि गाडी काढा. लस न झालेल्या किंवा भटक्या कुत्र्याच्या चावण्यात सापडलेल्या कुत्र्याला पहिल्यांदाच झटके आले तर रेबीज धरूनच हाताळा, लाळेला उघडा हात लावू नका. आणि ज्या दवाखान्यात नेणार तिथे पहिल्याच वाक्यात जात सांगा. काही भुलीची औषधं, विशेषतः थायोपेंटोन, ग्रेहाऊंडच्या अंगातून फार सावकाश उतरतात.