स्क्रॅबलच्या डब्यात शब्दकोश नसतो

आमच्या घरी स्क्रॅबल, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या टाइल्स पटावर जोडून शब्द करण्याचा आणि गुण मिळवण्याचा खेळ, खेळायला लागून इतकी वर्षे झाली आहेत की पटाची मधली घडी पांढरी पडली आहे आणि ‘व्ही’च्या दोन टाइल्सपैकी एक आमच्याच हलगर्जीपणाने हरवल्यामुळे तिच्या जागी पुठ्ठ्याचा तुकडा कामाला येतो. एवढ्या वापरानंतर या खेळाविषयी लिहायचे तर टाइल्स गुळगुळीत आहेत की नाहीत यापेक्षा एकच गोष्ट तपासावीशी वाटते: घरात नियमांवरून जे वाद होतात, त्यांतले किती वाद डब्यातले नियमपत्रक मिटवते आणि किती तसेच ठेवते. माझे उत्तर असे की ते जवळजवळ सगळे वाद मिटवते, फक्त शब्दाचा वाद मिटवत नाही. आणि भांडणे नेमकी शब्दावरूनच होतात.

खेळाची बांधणी पक्की आहे, त्याविषयी तक्रार नाही. पंधरा गुणिले पंधरा म्हणजे 225 घरे, 100 टाइल्स, त्यांत हव्या त्या अक्षरासाठी चालणाऱ्या दोन कोऱ्या. आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुविशारदाने 1930 च्या दशकात वर्तमानपत्रांतली अक्षरे मोजून कोणते अक्षर किती वेळा येते याचा हिशेब केला आणि त्यावरून टाइल्सची संख्या व गुण ठरवले. म्हणून ‘ई’ बारा आहेत आणि ‘क्यू’ एकच, तोही 10 गुणांचा. ‘एस’ मात्र केवळ चार ठेवले, कारण नुसते अनेकवचन करून गुण उकळण्याची सोय त्याला नको होती. पुढे हा खेळ बाजारात आणणाऱ्या जेम्स ब्रुनो याने 1948 मध्ये खेळाला आजचे नाव दिले.

आता वादांकडे येतो. आमच्याकडचा सर्वांत जुना वाद कोऱ्या टाइलचा आहे. वहिनींच्या माहेरी अशी पद्धत आहे की कोरी टाइल ‘आर’ म्हणून पटावर ठेवली असेल आणि पुढच्या कोणाकडे खरा ‘आर’ आला, तर त्याने तो तिथे ठेवून कोरी टाइल उचलून घ्यावी. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा पहिल्याच खेळात त्यांनी ती सहज उचलली आणि माझे वडील अवाक झाले. नियमपत्रकात या प्रकाराला जागाच नाही: कोरी टाइल ज्या अक्षरासाठी ठेवली, तेच अक्षर ती खेळ संपेपर्यंत राहते आणि तिचे गुण शून्य. वहिनींच्या पद्धतीने मोठे शब्द जास्त होतात हे खरे. पण ज्याने ती टाइल चार पाळ्या जपून ठेवली त्याच्या संयमाचे फळ भलताच घेऊन जातो, म्हणून या बाबतीत मी पत्रकाच्या बाजूने आहे.

गुण मोजताना होणाऱ्या गफलती याहून किचकट. पटावरच्या काही रंगीत घरांत अक्षराचे किंवा शब्दाचे गुण दुप्पट-तिप्पट होतात, पण असे घर एकदाच फळते. टाइल ज्या पाळीत तिथे ठेवली त्याच पाळीत. पुढे कोणी ‘हॉर्न’ला ‘टी’ जोडून ‘थॉर्न’ केला तर जुन्या रंगीत घरांचा लाभ त्याला नाही. मात्र त्याच पाळीत ती टाइल आडव्या आणि उभ्या अशा दोन शब्दांत येत असेल, तर दोन्ही शब्दांना लाभ मिळतो, आणि इथेच माणसे अडखळतात. हातातल्या सातही टाइल्स एकाच पाळीत लावल्याबद्दल मिळणारे 50 गुण सर्व गुणाकार झाल्यावर मिळवायचे असतात. माझ्या वडिलांनी कित्येक वर्षे ते दुप्पट करून घेतले आणि चूक दाखवल्यावर ‘हिशेब तुम्हीच ठेवत होतात’ असे सुनावले. टाइल्स बदलून घेणे फुकट नाही, त्यात पाळी जाते, शिवाय पिशवीत निदान सात टाइल्स शिल्लक हव्यात. हे सगळे पत्रकात स्वच्छ लिहिलेले आहे. वाचत कोणी नाही, हा पत्रकाचा दोष म्हणता येणार नाही.

शब्दाचे मात्र तसे नाही. कोणता शब्दकोश प्रमाण धरायचा हे खेळाडूंनी आधी ठरवावे असे सांगून पत्रक हात झटकते. परिणामी गेल्या सुट्टीत जे घडले ते असे. माझ्या मुलाने एकच टाइल उचलली, ‘क्यू’, आणि ती तिप्पट अक्षराच्या घरात अशी ठेवली की उजवीकडे एक ‘आय’ आणि खाली दुसरा ‘आय’ आधीच होता. आडवा ‘क्यूआय’, उभा ‘क्यूआय’. ‘क्यू’चे 30 आणि ‘आय’चा 1, असे प्रत्येकी 31, एकूण 62.

‘अरे, हा शब्द आहे तरी कुठल्या भाषेतला?’

‘आजोबा, तुम्ही यादी बघा, आहे त्यात.’

‘यादी नको दाखवूस, अर्थ सांग.’

त्याला अर्थ येत नव्हता. चिनी विचारात जीवनशक्तीसाठी असलेला हा शब्द उत्तर अमेरिकेतल्या स्पर्धांच्या यादीत 2006 मध्ये आला. वडिलांचा शब्दकोश त्याच्या फार आधी छापलेला असल्याने त्यात तो नव्हता, म्हणजे दोघेही आपापल्या पुस्तकानुसार बरोबर होते. अर्थ सांगता आलाच पाहिजे ही अट पुष्कळ घरांत असते आणि ती ऐकायला न्याय्य वाटते, पण स्पर्धेत कोणी अर्थ विचारत नाही. न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्स यांनी फ्रेंच बोलता येत नसताना केवळ शब्द पाठ करून 2015 चे फ्रेंच विश्वविजेतेपद मिळवले. शिवाय याद्याही बदलतात: साधा ‘ओके’ अमेरिकेतल्या अधिकृत शब्दकोशात 2018 साली आला. त्यामुळे ‘शब्द म्हणजे शब्द’ असे म्हणून सुटका होत नाही. कोणत्या वर्षीची कोणती यादी हे टाइल्स काढण्यापूर्वी ठरवावेच लागते.

त्याच्याच जोडीचा प्रश्न आक्षेपाचा. शब्द चुकीचा ठरला तर खेळणाऱ्याने टाइल्स परत घ्याव्यात आणि पाळी गमवावी, इथपर्यंत एकमत आहे. पण आक्षेप चुकला तर? अमेरिकेतल्या नियमांत आक्षेप घेणाऱ्याची पाळी जाते, तर अनेक आंतरराष्ट्रीय स्पर्धांत फक्त 5 गुणांचा दंड बसतो. आम्ही दोन्ही करून पाहिले. दंडच नसेल तर वडील प्रत्येक शब्दावर शंका घेतात आणि खेळ कोर्टासारखा लांबतो; पाळी जाणार असेल तर मुले घाबरून गप्प बसतात आणि वहिनी बिनधास्त थापा मारतात. 5 गुणांचा दंड घरासाठी मला सर्वांत समंजस वाटला. खेळता खेळता फोनवर शब्द शोधून मग तो लावणे मात्र आम्ही बंदच केले, कारण मग खेळ आपला किती आणि फोनचा किती हे कळेनासे होते.

ज्यांना हा काथ्याकूट नको त्यांच्यासाठी ‘बॉगल’ हा दुसरा शब्दखेळ बरा. तीन मिनिटांत खेळ आटोपतो आणि दोघांना सापडलेला शब्द दोघांचाही बाद होतो. ‘बनानाग्रॅम्स’ या तिसऱ्या शब्दखेळात गुणच नसल्याने मोजणीचे वाद नाहीत. शब्दकोशाचा प्रश्न मात्र तिथेही पाठ सोडत नाही. स्क्रॅबल विकणाऱ्या मॅटेल कंपनीने 2024 मध्ये युरोपात त्याच्या पटाच्या मागच्या बाजूला एकत्र मिळून खेळण्याचा सौम्य प्रकार छापून आणला. तो आमच्या घरी कोणी खेळेल असे वाटत नाही.

शेवटच्या हिशेबाचा नियम मला आवडतो, जरी त्याने मला नुकताच फटका दिला. पिशवी रिकामी असताना ज्याच्या टाइल्स आधी संपतात, त्याला इतरांच्या हातातल्या टाइल्सचे गुण मिळतात आणि इतरांचे तेवढे वजा होतात. वहिनींशी दोघांतच खेळताना त्यांच्या शेवटच्या टाइलचे गुण धरूनही मी 6 गुणांनी पुढे होतो आणि माझ्या रॅकवर एकटा ‘क्यू’ उरला होता. त्यांनी शेवटची टाइल ठेवली, माझे 10 गेले, त्यांना 10 मिळाले, आणि मी 14 गुणांनी हरलो. वहिनींनी पत्रकाचे ते पान आधीच उघडून ठेवले होते. माहेरच्या पद्धतीचा त्या दिवशी त्यांनी उल्लेखही केला नाही.