तारखांची डायरी की साधी वही?

रोजची कामं टिपायला बेळगावच्या खडेबाजारातून तारखांची डायरी आणावी की दोनशेपानी वही? डायरीत आखणी तयार मिळते. बँक, दवाखाना, शिकवणीच्या ठरलेल्या वेळा असतील तर तीच सोयीची. पण खानापूरकडे भातलावणीच्या दिवसांत आठवडाभर पेन हाती येत नाही. मग ती कोरी पानं टोचतात आणि डायरी कपाटात जाते.

वहीत पान वाया जात नाही. डिझायनर रायडर कॅरोल यांनी २०१३मध्ये जगापुढे आणलेली बुलेट जर्नल पद्धत इथे फार कामाची: कामापुढे टिंब, झालं की त्यावर फुली, राहिलं तर टिंबाचा बाण करून काम पुढच्या पानावर. ‘पंपाची मोटर दुरुस्ती’ तिसऱ्यांदा उतरवताना कळतं, आता एकतर करा नाहीतर खोडा. माझा कौल वहीलाच. रंगीत पेनं, नक्षी मात्र सुरुवातीला नकोच.