घडवंचीचं बेसिन आणि दुधाच्या कपाटाचं शेल्फ : माधवनगर रस्त्यावरच्या सुतारमामांचं काम

माधवनगरच्या रस्त्याला आत वळलं की एका गल्लीच्या टोकाला पत्र्याचा लांबट गाळा आहे. पाटी नाही. बाहेर जुने दरवाजे, खिडक्यांच्या चौकटी आणि मोडक्या आरामखुर्च्या रचलेल्या दिसल्या की समजायचं, आलं. सांगलीत जुनं लाकडी सामान घेणारे-विकणारे बरेच आहेत. पण ते उकलून त्यातून आपल्या गरजेची वस्तू करून देणारा, आणि जे होणार नाही ते तोंडावर ‘होणार नाही’ म्हणणारा सुतार मला हा एकच भेटला. आमच्या न्हाणीघराचं लाकडी काम त्यांनी केलं. त्याला आता एक पावसाळा उलटून गेलाय, म्हणून बिनधास्त लिहिते.

आमचं घर सांगलीच्या खणभागात, जुनं. न्हाणीघरातलं बेसिन तडकलं होतं आणि साबण, तेल, शाम्पू ठेवायला खिडकीच्या कट्ट्याशिवाय जागा नव्हती. एवढीच अडचण. पण कुठल्याही शोरूममध्ये जा, बोलणं सुरू होतं ते ‘टाइल्स काढून सगळंच नवीन करून टाका’ इथून. आम्हाला ८५ हजारांचा अंदाज मिळाला. नुसतं बेसिनखालचं पीव्हीसीचं तयार कपाट घ्यायचं तरी नऊ-दहा हजारांच्या खाली काही दिसेना, आणि त्याचं दार उघडलं की बिजागरी आत्ताच लटलट करत होती. आमच्या टाइल्स ठणठणीत आहेत. त्या कशासाठी फोडायच्या?

माळ्यावर सासूबाईंची घडवंची होती. सागवानी, चार पायांची, वरच्या फळीला घागरी बसवायला दोन गोल भोकं. घरात पाण्याचं फिल्टर आलं आणि ती माळ्यावर गेली. २०१९ च्या पुरात मात्र ती खालच्या खोलीत होती. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या खालच्या मजल्यावर जे जे होतं ते सगळं कृष्णेच्या पाण्यात उभं राहिलं. पाणी ओसरल्यावर प्लायवूडचा शोकेस पापुद्रे सुटून पुस्तकासारखा उलगडला होता. घडवंचीवर फक्त गाळ बसला होता. धुतली, सावलीत वाळवली, परत तशीच. ज्या लाकडाने आयुष्यभर भरलेल्या घागरींचा ओलावा सोसला आणि वरून पूरही सोसला, ते बेसिनखाली टिकणार नाही तर काय टिकणार, हा माझा साधा हिशोब होता.

सासूबाईंना तो पटला नाही. “पिण्याच्या पाण्याची जागा ती. तिथं आम्ही संध्याकाळी दिवा लावायचो. ती तू मोरीत नेऊन ठेवणार?” त्यांचं म्हणणं मी बाजूला सारलं नाही. ज्या वस्तूपुढे कुणी हात जोडलेत, ती कुठे ठेवायची हे ठरवण्याचा पहिला हक्क त्यांचाच. आमच्याकडे संडास वेगळा आहे, न्हाणीघरात फक्त अंघोळ आणि तोंड धुणं. हे दोन-तीनदा बोलून झाल्यावर त्या तयार झाल्या, पण एका अटीवर : घडवंचीला करवत लावायची नाही, काही काढायचं नाही.

हीच अट मी मामांना सांगितली. वाटलं होतं, वैतागतील. त्यांनी घडवंची उलटी केली, पेचकसाचं टोक चारही पायांच्या बुडाला खुपसून पाहिलं. लाकूड आतून सडलं किंवा पोखरलं असेल तर टोक आत जातं, इथे गेलं नाही. मग पात्याने खालच्या अंगाला जरासं खरवडलं आणि मला वास घ्यायला लावला. जुन्या सागाला चामड्यासारखा तेलकट वास येतो, तो तेव्हा पहिल्यांदा कळला. “आक्का, खिळा नाय ह्यात एक बी. सगळं लाकडात लाकूड बसवलंय. कापायचं कारणच नाय,” म्हणाले. मग पट्टी लावून उंची घेतली : २६ इंच. वर ठेवायचं बेसिन साडेपाच इंचांचं आणि पायाखाली एक इंचाचे नायलॉनचे बूट, म्हणजे बेसिनची कड जमिनीपासून साडेबत्तीस इंचांवर. उभ्याने तोंड धुवायला बत्तीस-तेहतीस इंच बरोबर पडतात. ड्रेसिंग टेबल किंवा लिहायचं टेबल वापरायचं असेल तर इथेच घोळ होतो. ती मुळातच तीस इंचांच्या आसपास असतात, त्यावर बेसिन ठेवलं की कड फार वर येते आणि हात धुताना पाणी कोपरापर्यंत ओघळतं. ज्यांच्या मनात असं काही असेल त्यांनी आधी टेप घ्या, मग बेसिन.

काम कसं केलं ते सांगते. एका भोकात त्यांनी जुन्या दाराच्या सागाची गोल चकती घट्ट बसवली, मूळ फळीला धक्का न लावता, उद्या काढायची म्हटली तर निघेल अशी. सांडपाण्याच्या नळीचं भोक पाडलं ते त्या चकतीला. बेसिन तेरा इंची घेतलं, कारण फळीची रुंदी अठरा इंच आहे आणि मागे उंच नळासाठी जागा हवी. नळाला जे एक छोटं भोक मागच्या बाजूला लागणार होतं त्यासाठी मी सासूबाईंना विचारून आले. “तेवढं चालतंय,” म्हणाल्या. दुसरं भोक तसंच आहे. त्यातून कापडी पिशवी खाली सोडली आहे, धुवायचे रुमाल, मोजे, नॅपकिन त्यात जातात. घागरीसाठी केलेलं भोक पिशवीच्या कडीला इतकं नेमकं बसलं की नवीन काही करावंच लागलं नाही.

खरी मेहनत पॉलिशची. घडवंचीवर कधीकाळी लाखेचं पॉलिश केलेलं होतं. दिसायला ते सुंदर, पण त्यावर पाणी साचलं की पांढरे डाग पडतात, न्हाणीघरात उपयोगाचं नाही. ते पूर्ण उतरवलं. मग पॉलिश पेपर आधी ८० नंबरचा, मग १२०, मग २२०. सागाला स्वतःचं तेल असतं, त्यामुळे वरचा थर नीट धरत नाही, म्हणून थिनरने पुसून घेतलं आणि त्यावर पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेनच्या पॉलिशचे, तीन हात, प्रत्येक हातानंतर बारीक पेपर मारून. पायांच्या बुडांना आधी अराल्डाइट भरलं. लाकूड पाणी पितं ते फळीच्या सपाट अंगावरून कमी आणि कापलेल्या टोकाकडून जास्त, पायाचं बूड म्हणजे तसंच टोक. हे मामांनी मला उलट्या घडवंचीवर बोट ठेवून दाखवलं, आणि मला वाटतं या सगळ्या कामातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

एका बाबतीत मात्र मला मागे लागावं लागलं. फळीची खालची बाजू त्यांनी एकाच हातात उरकली होती. “खाली कोण बघतंय?” बघत कुणी नाही, पण वाफ खालूनही लागते आणि एका बाजूला जाड थर, दुसऱ्या बाजूला पातळ असला की फळी वाकते. मी ती परत करून घेतली. त्यांनी तक्रार न करता केली, पण सांगावं लागलं, हे नोंदवते.

शेल्फसाठी त्यांच्याच गाळ्यातून एक दुधाचं जाळीचं कपाट घेतलं, १,५०० रुपयांना. पूर्वी दूध, दही, लोणी मांजरापासून राखायला भिंतीवर टांगायचे तसलं, छोटं, दोन फळ्यांचं. न्हाणीघरात बंद दाराच्या कपाटात दमट वास धरतो, टॉवेल कुबट होतात, जाळीतून हवा खेळती राहते. जुनी जाळी गंजून गेली होती, तिथे स्टीलची बसवली. आमच्या भिंती जुन्या विटांच्या, चुन्याच्या, प्लास्टिकच्या गिट्ट्या त्यात धरत नाहीत, म्हणून लाकडी गिट्ट्या ठोकून टांगलं.

या कपाटाबाबत माझी खरी तक्रार आहे. मागच्या पट्टीला त्यांनी लोखंडी स्क्रू मारले. सागात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं, ओलाव्यात ते लोखंडाला भिडलं की लाकूड काळं पडतं. थोड्याच दिवसांत प्रत्येक स्क्रूभोवती काळी टिकली उमटली. फोन केला तर स्वतः आले, सगळे स्क्रू काढून पितळी लावले, पैसे घेतले नाहीत. डाग मात्र पूर्ण गेलेले नाहीत. तुम्ही काम दिलंत तर पहिल्या दिवशीच सांगा : स्क्रू आणि बिजागऱ्या पितळी नाहीतर स्टेनलेस स्टीलच्या, लोखंड कुठेही नको.

दुसरी तक्रार वेळेची. शिमग्याआधी देतो म्हणाले होते, पाडवा उलटून गेला. विचारायला गेलं की चहा मिळतो, वस्तू मिळत नाही. घरात एकच न्हाणीघर असेल आणि जुनं बेसिन आधीच काढून टाकलं असेल तर हाल होतील. आम्ही घडवंची घरी आल्यावरच प्लंबरला बोलावलं, तसंच करा. आणि पीयू पूर्ण कडक व्हायला आठवडाभर द्या, त्याआधी पाण्याचा थेंब नको.

खर्चाचं म्हणाल तर मामांची मजुरी ३,८००, पॉलिशचं सामान १,४००, जाळीचं कपाट १,५००, म्हणजे लाकडी काम ६,७०० रुपयांत. बेसिन, नळ, बॉटल ट्रॅप, जोडणीच्या नळ्या, आरसा आणि प्लंबर मिळून ६,००० गेले. एकूण १२,७००. पक्कं बिल मिळत नाही, कच्च्या चिठ्ठीवर हिशोब लिहून देतात, पैसे मोबाइलवरून घेतात.

पावसाळाभर वापरल्यावर आज फळी कुठे फुगलेली नाही, सांधे हललेले नाहीत. बेसिनच्या बुडाशी सिलिकॉनची रेघ आहे तिथे पाणी साचतं, ते रोज पुसावं लागतं. आमच्याकडे बोअरचं पाणी येतं त्या दिवशी न पुसलं तर पांढरे थर धरतात. फरशी धुवायचं ॲसिड आम्ही न्हाणीघरात आणणंच बंद केलं, पितळ त्याच्या वाफेनेच काळवंडतं.

पण हे काम सगळ्यांनी करावं असं मी म्हणणार नाही. आमचं न्हाणीघर लांबट आहे, अंघोळीची जागा एका टोकाला आणि बेसिन दुसऱ्या, तांब्याने अंघोळ केली तरी पाणी तिथवर उडत नाही. चार बाय चारच्या बाथरूममध्ये, जिथे चारही भिंती रोज भिजतात, तिथे सागसुद्धा घालू नये. प्लायवूडच्या वस्तू तर न्हाणीघरासाठी मामा स्वतःच घेत नाहीत. माझ्यासमोर एक ताई पुरातून वाचलेलं टीव्ही युनिट घेऊन आल्या होत्या. वरून चांगलं दिसत होतं. मामांनी मागची पट्टी उचकटून आतला गाळ आणि सुटलेले थर दाखवले आणि म्हणाले, “ह्याला पैसे घालू नका.” काम मिळत असताना असं सांगणाऱ्या माणसाकडे मी पुन्हा जाईन.

पावसाळ्यात पॉलिशचं काम ते हातात घेत नाहीत, दमट हवेत पीयू पांढुरका पडतो. दिवाळीनंतर ते मेपर्यंत जा, सोमवारी गाळा बंद असतो. फोटो दाखवून भाव विचारू नका, वस्तूच टेम्पोत घालून न्या. ते उलटी करून पाहिल्याशिवाय आकडा सांगत नाहीत.