बान चाओवरची ऑडिओ सिरीज: मधले भाग चुकवू नका

चीनच्या हान काळातला सेनापती बान चाओ याच्यावरची ऑडिओ सिरीज नुकतीच ऐकून संपवली आणि जाम आवडली, कारण यात नुसती लढायांची जंत्री नाहीये, एक साधा कारकून पार पश्चिमेकडच्या सगळ्या राज्यांवरचा मुख्य अधिकारी कसा झाला ते नीट उलगडत जातं. भाऊ बान गू इतिहासकार, बहीण बान झाओ विदुषी, आणि हा लुओयांगमध्ये सरकारी कागद नकलून आईला सांभाळतोय! मग लेखणी टाकून देतो आणि इ.स. ७३ मध्ये शिओंगनूंविरुद्धच्या, म्हणजे उत्तरेकडच्या भटक्या घोडेस्वार टोळ्यांविरुद्धच्या मोहिमेवर निघतो.

शानशान या पश्चिमेकडच्या छोट्या राज्याचा भाग तर कमाल. सोबत फक्त ३६ माणसं, राजा आधी मस्त पाहुणचार करतो आणि मग एकदम तुटक वागायला लागतो, बान चाओ लगेच ताडतो की शिओंगनूंचा दूत आलाय. त्याच रात्री वारा सुटलेला असताना त्यांच्या तळाला आग, आणि तळामागे ढोल घेऊन लपवलेली दहा माणसं ज्वाळा दिसताच आरडाओरडा सुरू करतात. निवेदकाने इथे अजिबात घाई केलेली नाही, अंगावर काटा येतो.

त्याहून सरस वाटला तो इ.स. ९० चा कुषाणांचा हल्ला, म्हणजे आपल्याला कनिष्कामुळे माहीत असलेले तेच कुषाण. ७०,००० चं सैन्य पामीर ओलांडून आलंय, बान चाओकडे माणसं कमी, पण तो म्हणतो यांना धान्य कुठून मिळणार, सगळं पीक आत घ्या आणि गप्प बसा. पुढे ते कुषाण जवळच्या कुचा राज्याकडे मदत मागायला माणसं पाठवणार हेही तो आधीच ओळखतो, वाटेतच गाठतो, आणि अख्खं सैन्य माघारी! लढाई न करता जिंकणं म्हणजे काय ते इथे कळतं.

खटकलं ते एवढंच की सोबत नकाशा दिलेला नाही, खोतान, काशगर, कुचा ही नावं ऐकून नवीन माणूस गोंधळणारच. आणि शेवट फार गुंडाळलाय. म्हातारपणी मायदेशी परतायची त्याने केलेली विनंती, भावासाठी बहिणीने केलेला अर्ज, १०२ मध्ये लुओयांगला पोचून महिन्याभरात मृत्यू, त्याच्या जागी आलेल्या रेन शांगने त्याचा सबुरीचा सल्ला धुडकावणं आणि १०७ पर्यंत हा सगळा प्रदेश हातचा जाणं, यावर स्वतंत्र भाग हवाच होता. बनवणाऱ्यांनी तो अजूनही काढावा, मी नक्की ऐकेन.