ड्युअल 1019 आणि माझे 36,050 रुपये

बायको म्हणते, गप्प बसा, लोक हसतील. हसू देत. जुना रेकॉर्ड प्लेअर घेताना मी कसा फसलो ते सांगतोच. एकाचे जरी पैसे वाचले तरी मला पुरे.

आमच्या वाड्यात लहानपणी एकांकडे ऑटोमॅटिक चेंजर, म्हणजे रेकॉर्डी आपोआप बदलणारा प्लेअर होता. मधल्या उंच दांड्यावर पाच-सहा रेकॉर्डी एकावर एक ठेवायच्या. खटका दाबला की सगळ्यात खालची धप्पकन थाळीवर पडायची, सुईचा दांडा, म्हणजे आर्म, आपला आपण उचलला जायचा, बरोब्बर कडेला येऊन टेकायचा. रेकॉर्ड संपली की पुन्हा तोच खेळ. आम्ही पोरं गाणं ऐकायला नाही, ते पडणं बघायला जायचो. रिटायर झाल्यावर ते वेड परत आलं, आणि वेड लागलेल्या माणसाला गिऱ्हाईक करणं सगळ्यात सोपं.

मला हवा होता ड्युअल 1019, तसलाच एक रेकॉर्ड प्लेअर. ज्यांना माहीत आहे ते मान डोलावतील. जर्मनीत ब्लॅक फॉरेस्टमधल्या सांक्ट गेओर्गनचा माल, 1965 सालचा. साडेतीन किलोच्या आसपास वजनाची थाळी, पट्ट्याऐवजी रबरी आयडलर चाकावर, म्हणजे मोटर आणि थाळीच्या मधल्या चाकावर, फिरणारी. 16, 33, 45, 78 चारही वेग. वेग एकूण सहा टक्क्यांच्या टप्प्यात कमी-जास्त करायचा नॉब. वाटलं तर दांडा लावून चेंजर, नाहीतर छोटा स्पिंडल, म्हणजे मधली खुंटी, लावून एकच रेकॉर्ड. बाबांच्या जुन्या अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्या आणि माझ्या एलपी, दोन्ही एकाच मशीनवर.

एका खरेदी-विक्रीच्या साइटवर जाहिरात दिसली. किंमत 38,000. माणूस म्हणाला पुण्याचा. मी नाशिकचा. 'माझ्या काकांनी जर्मनीहून आणलाय, घरातच वापरलाय, सागवानी प्लिंथ (खालची पेटी) आहे.' बोलणं अगदी घरच्यासारखं, वाक्यावाक्याला 'काका'. 31,500 ला ठरलं. 5,000 टोकन त्याच संध्याकाळी यूपीआयने, उरलेले 26,500 दोन दिवसांनी, पॅकिंग आणि कुरिअरचे 1,850 वेगळे.

तुम्ही विचाराल, पुणं काय लांब होतं? नव्हतं. पण त्याच आठवड्यात बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, आणि 'मुंबईचे एक साहेब उद्या घ्यायला येतायत' हे तो दिवसातून दोनदा सांगत होता. कळतं हो, हे सगळे असंच म्हणतात. दुसऱ्याला सांगताना मलाही कळतं.

पण खरी सल वेगळीच आहे. त्याने व्हिडिओ पाठवला होता, एक मिनिट वीस सेकंदांचा. त्यात प्लेअर सुरेख वाजतोय, वेग बरोबर, आवाज स्वच्छ. आणि मागे भिंतीवर सॉकेट दिसतंय. दोन उभ्या चपट्या फटी, त्यात चपट्या पिनांचा प्लग. जर्मनीहून आणलेला, पुण्यात वाजणारा प्लेअर, आणि भिंतीवर अमेरिकेतलं सॉकेट! मी ते पाहिलं. पाहून मनात आलं काय, तर अमेरिकेत भाच्याकडे अस्सेच असतात. इथेच गाडी थांबायला हवी होती. मी मात्र व्हिडिओ मागे नेऊन थाळीवर उजेड कसा चमकतो ते परत परत बघत बसलो.

दुसरी गोष्ट सांगायला जास्त लाज वाटते. व्हिडिओत तो आर्म हाताने उचलून ठेवतो. ऑटोमॅटिक मशीन, आणि हाताने! मी विचारलंही, स्टार्टचा खटका दाबून दाखवता का? तर म्हणाला, 'काका, ऑटोवर रेकॉर्डी झिजतात, जाणकार लोक हातानेच लावतात.' आणि आपण जाणकार नाही असं कोण कबूल करणार? मी म्हणालो, 'हो हो, बरोबर आहे.' माझ्या त्या 'हो हो'ची किंमत 31,500.

खोकं आलं. वस्तू ड्युअल 1019 च, तेवढं खोटं नव्हतं. सागवान म्हणजे प्लायवर चिकटवलेलं सनमायका. फोटोत शुअर कंपनीचं कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) होतं, त्याच्या जागी कुठलंसं सिरॅमिक, फेविक्विकने डकवलेलं, आणि आर्मच्या टोकावर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं, सुई उडू नये म्हणून! खालच्या पट्टीवर 117 व्होल्ट, 60 सायकल (हर्ट्झ), म्हणजे अमेरिकेतली वीज. नशीब, ती प्लग लावायच्या आधी वाचली. नाहीतर मोटर तिथेच जळाली असती.

2,200 चा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणला. स्टार्ट दाबलं. थाळी फिरली, आर्म जरासा उचलला गेला, जागीच लटपटला आणि परत बसला. पाच वेळा तेच. शेवटी हाताने ठेवला. गाणारी बाई पुरुषी आवाजात गाऊ लागली. रेकॉर्डवर कागदाचा चिटोरा चिकटवून घड्याळ लावून मोजलं: मिनिटाला जेमतेम 28 फेऱ्या. वेगाचा नॉब शेवटपर्यंत पिळला तरी एकोणतीसच्या आत. आणि नाण्याच्या वजनाने माझी एलपी नांगरली गेली ती वेगळीच.

एका जुन्या मेकॅनिककाकांनी तो उलटा करून पाच मिनिटांत सगळं समजावलं. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, सायकल बदलत नाही. मोटरवरची 60 सायकलची पुली आपल्याकडच्या 50 वर सहाला पाच याच हिशेबाने फिरणार, म्हणजे 33 चे 28 च होणार. 50 ची पुली मिळते, पण बाहेरून मागवावी लागते. आतलं ग्रीस सुकून मेणासारखं झालेलं. आणि आर्मला आत ढकलणाऱ्या दांडीच्या टोकावर मुगाच्या डाळीएवढं रबर असतं, ते कधीच झडून गेलेलं. म्हणून आर्म उचलला जातो पण सरकत नाही. काकांनी तिथे सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा बसवला, ग्रीस पुसून नवं भरलं, आर्म सुरसुर आत आला. 500 घेतले. म्हणजे एकूण 36,050.

आता पुढची गंमत. चौकीत गेलो. साहेबांनी विचारलं, 'वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?' सांगितलं, दाखवली एक, पाठवली दुसऱ्याच हालतीत. 'वाजते का?' वाजते, पण हळू. शेजारचा हवालदार हसायला लागला. 'मग हळू ऐका की, काका.' दीड तास बाकावर बसवून अर्जाची पोच दिली, शिक्का नाही. शिक्का मागितला तर 'शिक्केवाले साहेब बंदोबस्तात आहेत.' तीन फेऱ्या मारल्या, ते साहेब अजून बंदोबस्तातच! बँकेत गेलो तर, 'पिन तुम्हीच टाकलात ना?' हो, मीच टाकला. कपाळावर बंदूक लावली असती तरच तक्रार चालली असती बहुतेक. ग्राहक तक्रारीच्या कार्यालयात पहिला प्रश्न, बिल कुठाय? जुनी वस्तू विकणारा माणूस बिल देतो होय? दोन मजले चढून हे ऐकायला गेलो होतो. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. फसलेल्या माणसाला इथे आधी स्वतः मूर्ख नाही हे सिद्ध करावं लागतं, आणि ते मला कसं जमावं?

पैसे गेले की 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच तासात फोन करा. मी अकरा दिवसांनी केला. व्हिडिओ कॉलवर मशीन सुरू करायला सांगा, समोर त्या दिवसाचं वर्तमानपत्र ठेवून. उलटं करून खालची पट्टी दाखवायला सांगा, व्होल्ट आणि सायकल दोन्ही वाचा. 'जाणकार हाताने लावतात' म्हणाला की फोन ठेवा.

परवा रात्री पुन्हा साइट बघितली. त्याची जाहिरात नव्या नावाने परत आली आहे. किंमत 42,000. तोच एक मिनिट वीस सेकंदांचा व्हिडिओ, तोच चपट्या पिनांचा प्लग. मशीन मात्र माझ्या हॉलमध्ये आहे, 28 च्या वेगाने फिरतंय.