काळाकुट्ट कुरळा विग ब्राऊन केला: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

चाई पडून डोक्यावर केस फारसे उरले नाहीत, त्यामुळे विग ही माझी हौस नाही, रोजचा पोशाख आहे. घेतला तो खऱ्या केसांचा आणि मुद्दाम कुरळा, कारण कुरळ्यात लेसची, म्हणजे केस ज्यावर बसवलेले असतात त्या बारीक जाळीची, कड सहज झाकली जाते. खटकत होता तो रंग. ठाणे स्टेशनच्या पुलावर ऊन पडलं की दुकानातला तो 'नॅचरल ब्लॅक' बुटाच्या पॉलिशसारखा चकाकायचा. सगळे केस एकजात काळे, असं खऱ्या डोक्यावर कुठे असतं?

उन्हाळ्यात रंग उतरवला. आता दिवाळी तोंडावर आलीय आणि विग अजून रोज वापरात आहे, म्हणून लिहितेय.

विग खऱ्या केसांचाच आहे ना, हे आधी बघा. मागचे दोन-चार केस कापून चिमट्यात धरून पेटवा. खऱ्या केसाची राख बोटांनी चुरगळते, सिंथेटिक वितळून टोकाला कडक मणी होतो. सिंथेटिक निघाला तर ब्लीचच्या वाटेला जाऊच नका. आणि नुसता ब्राऊन डाय लावूनही भागत नाही. हे केस बहुधा आधीच काळे रंगवलेले असतात, रंगावर रंग चढवून फिका होत नाही.

नौपाड्यातल्या एका पार्लरमध्ये विचारलं, तर ताई थेट ४० व्हॉल्यूमचा डेव्हलपर, म्हणजे ब्लीच ज्यात कालवतात ते द्रावण, काढायला निघाल्या. त्यात १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. विग पिशवीत घातला आणि घरी आले. कुरळेपणा ज्या गंधकाच्या बंधांवर टिकतो, तेच ब्लीचमुळे तुटतात. शिवाय विगच्या केसांना मुळाकडून तेल मिळत नाही, आणि बिघडलेला केस कापून नवा येईल अशीही सोय नाही. मी २० व्हॉल्यूम, म्हणजे ६ टक्क्यांचा वापरला. वेळ जास्त लागतो, लागू दे.

विग थर्माकोलच्या डोक्यावर टाचण्यांनी बसवला, हातमोजे घातले, खिडक्या उघडल्या आणि प्लॅस्टिकच्या वाटीत ब्लीच घट्ट कालवलं. पहिली पाळी मानेजवळच्या आतल्या एका बटेची. काळ्याची लालसर, लालसरची विटकरी झाली तशी धुतली आणि ओली असतानाच ताणून पाहिली. सोडल्यावर परत आखडली, तेव्हा कुठे पुढे गेले. मग मोजक्याच बटा फॉइलमध्ये, लेसपासून दोन बोटं अंतर सोडून. या दोन बोटांत अजिबात तडजोड नको. लेसवर एकेक केस गाठ मारून बसवलेला असतो, ब्लीच ओघळून गाठीत शिरलं की केस सुटायला लागतात. ड्रायरची ऊब द्यायची नाही, फॉइल उघडून सारखं बघत राहायचं. नारिंगीवर थांबले, पिवळ्यापर्यंत जाऊ दिलं नाही. वर नारिंगी झाक दाबायला राखाडी झाकेचा ब्राऊन टोनर, म्हणजे हलका रंग, लावला. ब्लीचचा अंश राहू नये म्हणून धुताना कंजुषी केली नाही. आमच्यासारख्यांची टाळू उघडीच असते.

आता कसा आहे? ब्लीच केलेल्या बटांची वेटोळी सैल पडलीत, खोटं कशाला सांगू. काळ्या बटा अजून घट्ट आहेत. दोन्ही मिसळून उलट जास्त खरं वाटतं. टोनर मात्र टिकत नाही, महिन्याभरात नारिंगी झाक डोकं वर काढते. मग निळा शॅम्पू. निळा नारिंगीला मारतो. पावसाळ्यातल्या दमट हवेत केस फुलून यायचे, तेव्हा लीव्ह-इन (न धुता केसांत तसंच ठेवायचं) कंडिशनर आणि मोठ्या दातांचा कंगवा यांवरच निभावलं. घोडबंदरला आमच्या सोसायटीत टँकरचं जड पाणी येतं, त्यामुळे शेवटचा हात फिल्टरच्या पाण्याचा. सासूबाई खोबरेल लाव म्हणून मागे लागल्या होत्या. तेलाने लेस डोक्याला चिकटवणारी टेप सुटते हे त्यांना अजून पटलेलं नाही.

काळ्याचा ब्राऊन करायचा असेल तर खुशाल करा. सोनेरी हवा असेल तर मात्र विगच फिक्या रंगाचा विकत घ्या. काळा कुरळा विग तिथवर नेलात तर कुरळेपणा हातचा जाईल.